प्राजक्ताचा परिच्छेद

शिफारसपत्र ज्याला हवं त्यानेच लिहून न्यायचं आणि सरांनी खाली सही करायची, ही पद्धत रंजिता घरतला नवी नव्हती. पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा करताना तिने स्वतःच्या कौतुकाचे चार-पाच कागद स्वतःच टाईप केले होते. त्यामुळे उदयसिंह सर जेव्हा म्हणाले, "दोघींची पत्रं तूच करून आण, मी सही मारतो," तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं नंतर झालं, आणि ते तिने एकटीने केलं.

सर पनवेलच्या एसटी स्टँडमागे, फोटोफ्रेमच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी चिनी शिकवत. उमेदीची वर्षं त्यांनी जहाजावर काढली होती आणि नंतरची आठ तैवानच्या काओशुंग बंदरात, एका शिपिंग एजन्सीत. निवृत्त होऊन परत आल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: एवढं मोठं बंदर दाराशी, आणि मालावरची अक्षरं वाचणारा एक माणूस नाही. म्हणून वर्ग. पोरं त्यांना 'लाओशी' म्हणत, म्हणजे चिनीत गुरुजी. पहिल्या रविवारी अकरा जण आले होते. अक्षरं गिरवायची वेळ आली तेव्हा चार उरले, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दोघीच. रंजिता आणि प्राजक्ता.

रंजिता जासईजवळच्या एका गावातली. तिच्या वडिलांची, महादेव घरतांची, मिठागरं आणि भातशेती बंदराच्या कामात गेली. बदल्यात सरकारकडून, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के, असा प्लॉट मिळाला, आणि आता त्यांचे तीन ट्रेलर न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर धावत होते. रंजिता गावालगतच्या कंटेनर यार्डात कागदपत्रं सांभाळायची. कुठल्या कंटेनरमध्ये काय आलं, कुठे ठेवलं, कुणी सोडवून नेलं, हे दिवसभर कॉम्प्युटरमध्ये भरत बसायचं. घरात कशाची कमी नव्हती. नुसतं तोंडातून काढलं असतं तरी वडिलांनी तिला आपल्या खर्चाने तैवानला पाठवलं असतं. ही एक गोष्ट पुढे तिला फार छळणार होती.

प्राजक्ता शिद कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. आईवडील वीटभट्टीवर. ती आश्रमशाळेत शिकली, वसतिगृहात राहून बी.ए. झाली, आणि पनवेलबाहेरच्या एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायला लागली. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती एक वही घेऊन आली होती. खोक्यांवर छापलेली दोनेकशे चिनी अक्षरं तिने त्यात हुबेहूब उतरवली होती. एकाचाही अर्थ माहीत नव्हता.

सरांनी वही डोळ्यांजवळ धरली. "हे 'सांभाळून'. हे 'वरची बाजू'. हे 'पाण्यापासून जपा'."

"अय्या," प्राजक्ता म्हणाली, "मला वाटलं, माल पाठवणाऱ्यांची नावं असतील. मी मनात त्यांना हाका मारायचे."

त्या दिवसापासून रंजिताला ती आवडली. आणि त्या दिवसापासूनच, कुठेतरी आत, तिची थोडी भीतीही वाटायला लागली.

तैवानच्या सरकारची ती शिष्यवृत्ती सरांनीच शोधून काढली. नऊ महिने तिथल्या विद्यापीठात चिनी शिकायचं, दर महिन्याला राहण्याखाण्यापुरते पैसे मिळणार, परत येऊन शिकवायचं किंवा नोकरी करायची. अर्ज त्यांच्या मुंबईतल्या ऑफिसात द्यायचा, सोबत गुणपत्रकं, स्वतःबद्दलचा मजकूर आणि शिक्षकाचं शिफारसपत्र. ते पत्र बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर शिक्षकाची आडवी सही.

"सर, तुम्ही लिहा ना," प्राजक्ता म्हणाली होती.

"अगं, मला इंग्रजी लिहायला बसवलं की जहाजाला भोक पडल्यासारखं वाटतं," सर म्हणाले. "रंजिताकडे कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे. दोघींचं तीच करेल."

"मग तूच कर गं," प्राजक्ता रंजिताला म्हणाली. "माझं इंग्रजी रेशनकार्डाच्या अर्जासारखं होतं."

रंजिताने आधी प्राजक्ताचं पत्र लिहायला घेतलं, हे खरं आहे. मन लावून लिहिलं, हेही खरं. खोक्यांवरून उतरवलेली वही लिहिली. मग यार्डातल्या त्या शनिवारचा प्रसंग लिहिला.

तो असा. यार्डात कंटेनर उचलणारं एक नवं चिनी यंत्र आलं होतं. त्याचा एक सेन्सर बदलला आणि त्याचा लांब हात वर उचलायचाच बंद झाला. कंपनीचा इथला इंजिनिअर गुजरातेत अडकलेला. शेवटी तिकडच्या कारखान्यातला एक इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर आला, पण त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. यार्डाचा सुपरवायझर केतन रंजिताला म्हणाला, "तू रविवारी चिनी शिकतेस ना? मग बोल की."

रंजिताने नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि पुढे तो माणूस जे भराभर बोलायला लागला त्यातलं तिला एक वाक्य कळलं नाही. तिने प्राजक्ताला फोन लावला. प्राजक्ता अर्धी सुट्टी टाकून एका टेम्पोत बसून आली, डोक्यावर मोठं होणारं हेल्मेट घालून यंत्राशी उभी राहिली. तिलाही सगळं कळत नव्हतं. पण जे कळलं नाही ते तिने त्या माणसाला कागदावर काढून दाखवायला लावलं. "बोलू नका, चित्र काढा," असं ती त्याला चिनीत सांगत होती आणि तो हसत हसत काढत होता. आधी हात पूर्ण खाली टेकवा, मग डावीकडचं बटण दाबून धरा, मग सेन्सरचा स्क्रू अर्धा आटा सैल करा. दोन तास रंजिता फोन धरून उभी होती. शेवटी तो पिवळा हात करकरत वर गेला आणि सगळ्या यार्डाने शिट्ट्या मारल्या.

केतन म्हणाला, "हिलाच घ्या रे कामावर! रंजिताला आपण काय फोन धरायचा पगार देतो?"

सगळे हसले. रंजिताही हसली. पण ते वाक्य ती विसरली नाही.

हा प्रसंग तिने पत्रात लिहिला आणि वाचून पाहिला. तो फार छान उतरला होता. इतका छान, की हे पत्र ज्याच्या हातात पडेल तो प्राजक्तालाच निवडेल, याबद्दल तिला शंका राहिली नाही. मग तिने स्वतःच्या पत्राची फाईल उघडली. तिच्याबद्दल काय लिहायचं? नियमित येते. अक्षर वळणदार आहे. गृहपाठ पूर्ण करते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात शोभेल असा मजकूर.

तिने तो परिच्छेद निवडला, कापला आणि दुसऱ्या फाईलमध्ये चिकटवला. फक्त नाव बदललं. वेळ किती लागला? चहा निवायला लागतो त्याहून कमी. माझंच यार्ड, माझाच फोन, मीच तिला बोलावलं, मी नसते तर हे झालंच नसतं, असं ती मनाशी म्हणत राहिली. प्राजक्ताच्या पत्रात जी जागा रिकामी झाली तिथे तिने तीन शब्द भरले: कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक.

सर चष्मा घरी विसरले होते. त्यांनी दोन्ही कागदांवर सही केली, दोन्ही पाकिटांच्या तोंडावर आडवी सही केली. प्राजक्ताने आपलं पाकीट दुमडू नये म्हणून दोन जाड पुस्तकांच्या मध्ये ठेवलं आणि ती पुस्तकं छातीशी धरून ती बसमध्ये चढली.

निकाल जूनमध्ये लागला. यादीत रंजिताचं नाव होतं.

महादेव घरतांनी गावच्या नाक्यावर फ्लेक्स लावला. रंजिताचा फोटो, मागे विमान, खाली गावातल्या पंधरा जणांचे फोटो आणि 'हार्दिक अभिनंदन'. यार्डाची बस रोज सकाळी त्या नाक्यावरून वळायची आणि रोज रंजिता मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. तिची आई, वेणू, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोर तायवानला चाललीय. सरकार नेतंय तिला, आमी नाय." मग लेकीला बाजूला घेऊन विचारायची, "काय गो, तिकरं भात तरी भेटतं ना?"

प्राजक्ता पेढे घेऊन आली होती. रंजिताने द्यायचे तर तीच घेऊन आली. दोघी मिळून पनवेलच्या बाजारात मोठी बॅग घ्यायला गेल्या. प्राजक्ताने दुकानदाराला सगळ्या बॅगांची चाकं फरशीवर फिरवून दाखवायला लावलं. बाहेर पडल्यावर ती सहज म्हणाली, "माझ्या पत्रात काही कमी पडलं असेल का गं?"

"छे गं. जागाच कमी असतात," रंजिता म्हणाली.

"तेही आहे. जाऊ दे. तू सगळं बघून ठेव तिथलं. पुढच्या वर्षी मी भरणार परत."

नवीन बॅगेची चाकं रस्त्यावर खडखडत होती, म्हणून पुढचं काही बोलायची वेळ आली नाही. रंजिताला तेवढंच बरं वाटलं.

तैवानच्या तायचुंग शहरात पहिले दोन महिने अक्षरांत आणि हवामानात गेले. मग एक दिवस तिच्या वर्गाच्या बाई, श्यू लाओशी, म्हणाल्या, "मी तुझी फाईल वाचली. ती यंत्राची गोष्ट किती सुंदर आहे! उद्या वर्गाला सांग."

नाही म्हणायला कारण सुचेना. दुसऱ्या दिवशी रंजिता फळ्यापाशी उभी राहिली. मी फोन घेतला. मी त्यांना म्हटलं. मी विचारलं. आणि 'अर्धा आटा सैल करा' इथे येऊन ती अडली. त्याला चिनीत काय म्हणतात? तिने ते शब्द कधी उच्चारलेच नव्हते, ते प्राजक्ताच्या तोंडचे होते. तिने हाताने काहीतरी फिरवून दाखवलं. वर्ग हसला, टाळ्या वाजल्या, बाईंनी फळ्यावर ते शब्द लिहून दिले. रंजिताने ते मुकाट्याने वहीत उतरवले. नंतर परीक्षेत ते आले तेव्हा तिने ती जागा कोरी सोडली.

त्यानंतर प्राजक्ताचे मेसेज ती उशिरा उघडायला लागली. प्राजक्ता मात्र लिहायची. गोदामात आता मला माल तपासायला बसवतात. सरांच्या वर्गाला नवीन नऊ जण आलेत, धाकट्यांना मीच शिकवते. वाडीच्या मागे रानडुकरं उतरली होती. रंजिता अंगठा पाठवायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी प्राजक्ताचा मोठा मेसेज आला, सोबत एक फाईल.

"अर्ज सुरू झालेत. ह्या वेळी पत्राचा मजकूर मीच लिहिलाय, सरांची सही तेवढी घ्यायची राहिलीय. इंग्रजी बघ गं जरा. मागच्या वेळी तू सगळं छान मांडलं असशील, तसंच मी आठवून लिहायचा प्रयत्न केलाय. यंत्राचा प्रसंग मोठा झालाय का? मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो."

रंजिताने फाईल उघडली. यार्ड, हेल्मेट, कागदावरची चित्रं, अर्धा आटा. सगळं होतं. वाक्यं साधी होती, पण ती तिथे असलेल्या माणसाची होती.

आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे पत्र त्याच ऑफिसात जाणार. तिथे तीच गोष्ट, त्याच सरांच्या सहीने, वर्षभरापूर्वी दुसऱ्या मुलीच्या नावावर जमा आहे. वाचणारा म्हणेल, ही दुसरी मुलगी नक्कल करतेय. आज्ञाधारक, प्रामाणिक प्राजक्ता खोटारडी ठरेल, आणि का ठरली ते तिला कधी कळणारही नाही.

हे वाचून तिने काय करायला हवं होतं, ते कुणालाही सांगता येईल. तिने काय केलं? तिने लिहिलं, "छान आहे. फक्त यंत्राचा प्रसंग काढून टाक. किस्सा वाटतो, औपचारिक पत्रात बरा दिसत नाही."

दोन मिनिटांत उत्तर आलं. "बरं. तू तिथे आहेस, तुला जास्त कळतं. काढते."

रंजिता वसतिगृहाच्या खानावळीत बसली होती. समोर भाताची वाटी होती. 'काढते' ह्या शब्दाकडे ती बघत राहिली. गेल्या वर्षी तिने स्वतः कापलं होतं. ह्या वर्षी ती प्राजक्ताकडूनच कापून घेत होती, आणि प्राजक्ता वर तिचे आभार मानणार होती. तिने वाटी तशीच ठेवली, बाहेर येऊन सायकलींच्या स्टँडपाशी उभी राहिली आणि फोन लावला.

"अगं, तू? थांब, रस्त्यावर येते. घरात रेंज नाही," प्राजक्ता म्हणाली. मग चपलांचा आवाज आणि हायवेची घरघर. "हां, बोल."

"प्राजक्ता, मागच्या वर्षी मी तुझा यंत्राचा प्रसंग तुझ्या पत्रातून काढला आणि माझ्या पत्रात टाकला. मी केलं असं लिहून."

"थांब थांब, ट्रेलर जातोय. काही ऐकू आलं नाही. परत बोल."

परत बोलायचं, तेही मोठ्याने. एकदा बोलतानाच तिची सगळी ताकद संपली होती. सायकल काढणारी दोन मुलं वळून बघत होती. रंजिताने पुन्हा तेच वाक्य ओरडून म्हटलं.

ह्या वेळी ते पोचलं.

"मघाशी काढून टाक म्हणालीस, ते म्हणून?" प्राजक्ताने विचारलं.

"हो."

"म्हणजे दोनदा."

"हो. दोनदा."

"माझ्या पत्रात काय होतं मग?"

"कष्टाळू. प्रामाणिक. आज्ञाधारक."

प्राजक्ता हसली. ते हसणं रंजिताने आधी कधी ऐकलं नव्हतं. "आज्ञाधारक! बैलाची शिफारस केलीस होय गं? आणि मी ते पाकीट चुरगळू नये म्हणून मांडीवर घेऊन बसले होते."

"मला माफ—"

"ते नको. ते तू तुझ्यासाठी मागतेयस. मी तुला बाजारात विचारलं होतं, पत्रात काही कमी पडलं का. तेव्हा सांगितलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, आणि कदाचित मिटलंही असतं. आता माझ्याकडे वीस दिवस आहेत. ती गोष्ट माझी आहे आणि ती मला परत पाहिजे. त्या ऑफिसात, कागदावर, तुझ्या नावाने."

"मी देते. आजच लिहिते."

"तुझी शिष्यवृत्ती गेली तर?"

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? तुझ्या बापाने नाक्यावर फ्लेक्स लावलाय." तिच्या आवाजात दया नव्हती, राग होता. "नीट विचार करून लिही. अर्धवट लिहिलंस तर माझं ह्याही वर्षी जाईल."

तिने फोन ठेवला.

रंजिताने मग सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सही माझी आहे. मी न वाचता केली. तुझं तू लिही, माझं मी लिहितो. इंग्रजी कसं का येईना." ते तिला एक शब्दही लावून बोलले नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

घरी सांगणं सगळ्यात अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. वडील म्हणाले, "मंग, परत यावं लागेल?" ती म्हणाली, "लागेल कदाचित." पलीकडून आईने फोन ओढून घेतला. "त्या पोरीचं होतं तं तू कशाला घेतलंस गो? आपल्या घरात काय नव्हतं?" केतनच्या एका वाक्यासाठी, असं कसं सांगणार? 'मला तिच्याहून हुशार दिसायचं होतं,' एवढंच ती म्हणाली. आईने फोन वडिलांच्या हातात परत दिला.

निवेदन तिने तीनदा लिहिलं. पहिल्या खेपेला तिच्या नकळत त्यात 'गैरसमजातून' असा शब्द आला. तो तिने खोडला. दुसऱ्या खेपेला 'कामाच्या दडपणाखाली' आलं. तेही खोडलं. तिसऱ्या खेपेला फक्त जे झालं ते उरलं: कारखान्यातला एक इंजिनिअर फोनवर जे बोलला ते मला समजलं नाही. मी प्राजक्ता शिद हिला बोलावलं. पुढचं सगळं तिने केलं, मी फोन धरला होता. तिच्या पत्रातला हा मजकूर मी माझ्या पत्रात घेतला. शिक्षकांना हे माहीत नव्हतं. यावर जो निर्णय होईल तो मला मान्य आहे. ते अर्ध्या पानाचंही झालं नाही.

मुंबईच्या ऑफिसला आणि इथल्या विद्यापीठाला पाठवण्याआधी तिने ते प्राजक्ताला पाठवलं. खाली लिहिलं, "तुझ्या दृष्टीने काही राहिलं असेल तर सांग."

दिवसभर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, गोदामाची पाळी सुरू व्हायच्या वेळेला, मेसेज आला.

"ठीक आहे. एक राहिलंय. तू 'कारखान्यातला एक इंजिनिअर' असं लिहिलंयस. त्याला नाव होतं. हुआंग. त्याची मुलगी तेव्हा पाचवीत होती, चित्रं काढताना ती मागून येऊन बघत होती. नाव घाल. खरं आहे हे त्यांना पटायला हवं."

रंजिता दोन तास त्या माणसाचा चेहरा हातात धरून उभी होती. मागे एक मुलगी होती हे तिने पाहिलंही नव्हतं.

"हुआंगचं अक्षर कुठलं?" तिने विचारलं. त्याच उच्चाराची बरीच अक्षरं असतात.

"पिवळा," प्राजक्ताने लिहिलं. "मी विचारून घेतलं होतं."

रंजिताने मजकुरात ते नाव घातलं, मुंबईला मेल केली, आणि छापील प्रत घेऊन विद्यापीठाच्या ऑफिसात गेली. खिडकीतल्या बाईंनी कागदावरून नजर फिरवली, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, आणि तिला बाजूच्या खुर्चीवर बसून राहायला सांगितलं.